पाहुणे गोठ्यात

कुत्र्याला कुठे ठेवायचं यावरून अनंता विशेंच्या घरात सकाळपासून वाद पेटला होता. मुरबाडहून देसले मंडळी सोनालीला बघायला निघाली होती, आणि अंगणात पाहुण्यांच्या गाडीसाठी झाडून ठेवलेल्या जागेवर केशर चारी पाय पसरून पडला होता.

"अवो, त्याला गोठ्यात कोंडा," माधुरी चुलीपाशी कांदा चिरता चिरता ओरडली. "म्हशी रानात गेल्यात. गोठा मोकळाच हाय."

"आनि पावन्यांना कुत्रा दिसायचा कसा?" अनंता म्हणाला.

"बाबा, ते मुलगी बघायला येतायत," पंकज म्हणाला.

अनंताला ते पटलं नव्हतं. मुलगी सगळ्यांनाच असते. रॉटवायलर जातीचा कुत्रा डोळखांबपासून वरच्या एकाही पाड्यात नव्हता.

केशरचं खरं नाव कायझर. पंकजच्या डोंबिवलीच्या मित्राने त्याला पिल्लापासून वाढवला होता. मित्र परदेशी नोकरीला निघाला तेव्हा कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न आला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात अनंताच्या शेतावरची पाण्याची मोटर चोरीला गेली. पंकजने कायझरला टेम्पोत घालून घरी आणलं. काळंकुळकुळीत अंग, भुवयांच्या जागी दोन तपकिरी ठिपके, छाती पिंपासारखी. माधुरीला 'कायझर' म्हणता येईना, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा केशर झाला.

त्या दिवशी ओटीवर बसून पंकजने त्याची सगळी वंशावळ सांगितली होती.

"ही जात साधी नाय बाबा. पूर्वी रोमन सैन्य आल्प्स पर्वत ओलांडून जायचं ना, तेव्हा खायला गुरांचे कळपच्या कळप बरोबर न्यायचे. ते हाकायला आणि राखायला ह्यांचे पूर्वज. मग जर्मनीत रॉटवाईल नावाचं गाव आहे, तिथल्या खाटकांनी यांना पाळलं. गुरं बाजारात न्यायची, मांसाच्या गाड्या ओढायच्या. परत येताना खाटीक आपली पैशाची पिशवी ह्यांच्या गळ्यात बांधायचा म्हणतात. कोणाची हिंमत काढायची?"

"मंग आता ती कामा का नाय करीत?"

"रेल्वे आली. गुरं गाडीनं जायला लागली आणि ह्यांची नोकरी गेली. जात बुडायच्या बेताला आली होती. मग पोलिसांनी भरती केलं, तेव्हा वाचले."

हे ऐकून अनंताला त्या कुत्र्याबद्दल एकदम आदर वाटला. पुढच्या बाजाराला डोळखांबात त्याने जो भेटेल त्याला सांगितलं, "आमचा केशर सैन्यातला हाय. मंग पोलिसात होता." रॉटवायलरचं त्याने 'रातवेलर' केलं होतं, आणि रात्री राखण करतो म्हणून रातवेलर, असा अर्थही स्वतःच लावून टाकला होता.

केशर मात्र भुंकायचा नाही. दारावरून कोण गेलं तर मान वर करून नुसता बघायचा, आणि त्याच्या त्या बघण्याने माणूस रस्त्याच्या पलीकडून जायला लागायचा. अनोळखी माणसाशी दोस्ती नाही, लाडीगोडी नाही. खुद्द अनंता त्याला रोज नाचणीची भाकरी घालत होता, तरी त्याने डोक्याला हात लावू दिला तो पार थंडी पडल्यावर. "ह्या जातीचं असंच," पंकज म्हणायचा. "आधी पारखतो. एकदा आपला मानला की मग मांडीला टेकून बसतो." सोनालीला तेवढं त्याने लवकर आपलं मानलं होतं. तीच त्याला रोज सकाळी बंधाऱ्यापर्यंत फिरवून आणायची. अनंताला पोरीचं कौतुक वाटायचं. एवढं जनावर साखळीला धरून एकटी जाते, आणि रविवारी तर दोन-दोन तास जाते.

शेवटी माधुरीचंच खरं झालं. पंकजने केशरला गोठ्यात घातलं, कवाडाची कडी लावली आणि जिलेबी आणायला मोटरसायकलवरून डोळखांबला गेला.

देसल्यांची गाडी आली. पुढून देवजी देसले उतरले, पांढरा इस्त्रीचा शर्ट, पांढरी विजार. मुरबाडच्या बाजूला त्यांच्या म्हशी होत्या, दुधाचा धंदा होता, आणि बोलणं कमी होतं. मागून त्यांची बायको कमळ, मोरपंखी साडीत. तिचा भाऊ धर्मामामा, ज्याने हे स्थळ सुचवलं होतं. आणि मुलगा सुयोग, मुरबाडच्या एका कारखान्यात नोकरीला. सुयोगने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि गाडी सावलीला लावतो म्हणून परत रस्त्याकडे गेला.

"पोरगा रीतीचा हाय," अनंता मनात म्हणाला.

पाणी झालं. यंदाच्या भाताचं बोलणं झालं. तेवढ्यात धर्मामामा उठले आणि करंगळी दाखवून "मागं कुठं?" म्हणाले.

"निळा दरवाजा," अनंताने घराच्या मागे बोट केलं.

त्याची चूक एवढीच, की संडासाला लावून उरलेला निळा रंग त्याने गेल्या दिवाळीत गोठ्याच्या कवाडालाही फासला होता.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग घराच्या कोपऱ्यावरून धर्मामामा आले, पण उलटे. पाठ अंगणाकडे, तोंड गोठ्याकडे, दोन्ही हात वर, आणि तोंडातून आवाज नाही. त्यांच्या समोरून केशर आला. भुंकत नव्हता, दात दाखवत नव्हता. मामा थांबले की खांद्याने त्यांच्या मांडीला एक धक्का द्यायचा. मामा मागे सरकायचे.

"अगो बाय!" कमळ ताडकन उठली आणि रस्त्याकडे पळाली.

केशरने मामांना सोडलं, अर्धं अंगण वळसा घालून तो कमळच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि तिलाही छातीने ढकलत परत आणलं. देवजी उठले. त्यांना डाव्या बाजूने धक्का बसला. ते उजवीकडे वळले, तर केशर उजवीकडे हजर. बघता बघता तिघे अंगणाच्या मधोमध एकमेकांना चिकटून उभे होते आणि कुत्रा त्यांच्याभोवती गोल गोल फिरत होता.

"केशर! ए केशर!" अनंता ओटीवरून खाली उतरला. "मालक हाय मी! मी मालक!"

मालकालाही मांडीवर धक्का बसला आणि तो देवजींच्या शेजारी जाऊन थांबला.

एवढ्यात शेजारची धोंडीबाई, पाहुणे कसे आहेत ते बघायला म्हणून ताकाचा तांब्या हातात घेऊन कुंपणातून आत आली. "आले का गो पावनं?" एवढंच ती म्हणाली. पुढच्या क्षणी तीही पाहुण्यांत होती. आवाज ऐकून माधुरी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली, तीही ताटासकट घोळक्यात आली. म्हशींबरोबर रानात न गेलेलं एक पारडू मागच्या परड्यात चरत होतं. केशर जाऊन तेही घेऊन आला, आणि मग मात्र त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"हा चावत नाय," देवजी हळू आवाजात म्हणाले. आयुष्य म्हशींत गेलेला माणूस तो. त्यांचे डोळे विस्फारले होते. "हा आपल्याला हाकतोय."

आणि खरंच, घोळका हलायला लागला. मागून एक धक्का, बाजूने एक धक्का. पांढरा शर्ट, मोरपंखी साडी, पोह्यांचं ताट, ताकाचा तांब्या आणि पारडू अशी सगळी मिरवणूक घराला वळसा घालून निळ्या कवाडातून गोठ्यात गेली. शेवटी मामा जरा रेंगाळले, त्यांना केशरने डोक्याने आत लोटलं. मग तो उंबऱ्यात उभा राहिला आणि प्रत्येकाकडे एकदा बघून घेतलं.

 देवजींचा एक पाय शेणात होता आणि ते त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

"अनंताशेट, तुमच्यात पावन्यांना हितं बसवतात काय?" शेवटी ते म्हणाले.

अनंताच्या डोळ्यांसमोर पोरीचं लग्न मोडत होतं. केशरला त्याच्या आधीच्या मालकाने जर्मन शब्दांवर शिकवलेलं होतं. पंकजने ते शब्द अनंताला एकदा सांगितले होते. त्यातला एकच त्याला आठवत होता, प्लाट्झ. तोही पुरता नाही.

"पलाट!" तो ओरडला. "पलाट! पलाट!"

देवजींनी मान वळवली. "काय म्हनलात?"

"पलाट हो, पलाट!"

देवजींचा चेहरा बदलला. शहापुरात रस्ते झाल्यापासून जो तो प्लॉट विकत होता, घेत होता, हे त्यांना माहीत होतं. "अनंताशेट," ते ताठ झाले, "आमी पोरगी बघाया आलो. पलाट मागाया नाय. हुंड्याची गोष्ट काढलीत तर ही सोयरीक हितंच ऱ्हायली."

"अवो, हुंडा कुठला? तो जर्मनीचा हाय!"

"जर्मनीत पलाट?" कमळच्या तोंडून निघालं.

"केवढा हाय रे, अनंता?" धोंडीबाईने विचारलं. "कवा घेतलास? आमाला बोलला नाय!"

"पलाट नाय गो, पलाट! कुत्र्याला म्हनतोय मी!"

"कुत्र्याच्या नावावर?" मामांनी भिंतीला हात टेकला.

इकडे केशरने प्रत्येक 'पलाट' नीट ऐकला होता. त्या शब्दाचा अर्थ होता, बस, जागेवरच पड, हलू नकोस. तो आज्ञाधारक कुत्रा होता. पहिल्या हाकेला तो उंबऱ्यात आडवा झाला होता. नंतरच्या प्रत्येक हाकेला त्याने अंग आणखी जमिनीला लावलं आणि कवाडाची सगळी वाट पार बुजवून टाकली. आता त्याच्यावरून उडी मारल्याशिवाय बाहेर जाता येणार नव्हतं, आणि ती मारायला कोणी तयार नव्हतं.

"तुमी ओरडताय तसा तो पसरतोय," माधुरीच्या ध्यानात आलं. "गप ऱ्हावा जरा."

बाहेर पावलं वाजली. सुयोग गाडी लांब सावलीला लावून, रिकामी ओटी बघून, माणसं शोधत घराच्या मागे येत होता.

"येऊ नको, सुयोगा!" देवजी ओरडले. "लांब ऱ्हा! तो आमाला कोंडून बसलाय!"

"पळ रे पोरा!" अनंताही ओरडला. "तो अनोळखी मानसाला जवळ येऊ देत नाय!"

सुयोग जागच्या जागी थांबला. गोठ्याच्या दारात कुत्रा आणि त्याच्या पलीकडे आपले आईवडील, मामा, होणारे सासूसासरे आणि पारडू, असं बघून त्याला काय करावं कळेना. तो नुसता उभा राहिला. तेवढ्यात स्वयंपाकघराचं मागचं दार धाडकन उघडलं. सोनाली बाहेर आली. आत मिक्सरवर कैरीचं पन्हं करत होती, म्हणून तिला आत्तापर्यंत काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने गोठा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"सुयोग, अरे बघत काय बसलास? बोलव ना त्याला!"

गोठ्यात सगळ्यांनी ते ऐकलं. सुयोग. अरे. बसलास.

सुयोगने मान खाली घातली. मग बारीक आवाजात जर्मनमध्ये म्हणाला, "कायझर. हीअर."

केशर उठला. ज्याने भाकरी घालणाऱ्या मालकाला महिनोन् महिने डोक्याला हात लावू दिला नव्हता, तो कुत्रा पार्श्वभाग हलवत, कान मागे टाकून सुयोगकडे गेला, आणि त्याच्या मांडीला अंग टेकून उभा राहिला. सुयोगचा हात सवयीने त्याच्या कानामागे गेला. केशरने डोळे मिटले.

गोठ्यातून कोणी बाहेर येईना. वाट मोकळी झाली आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"हा..." अनंताने कुत्र्याकडे बोट केलं. "हा तुला वळखतो कसा?"

उत्तर धोंडीबाईने दिलं. तिने सुयोगकडे डोळे बारीक करून बघितलं, आणि तांब्यातलं ताक सांडलं.

"अगो बाय! हा तर बंधाऱ्यावरचा! दर आयतवारी येतो, मोटरसायकल घेऊन! मी लाकडं आनाया जाते तवा बघते ना. सोनाली नि हा बसलेला नि मधी कुत्रा. मला वाटला, कुत्र्याचा डाक्टर हाय!"

"डाक्टर," अनंता म्हणाला. त्याने सोनालीकडे बघितलं. सोनालीने जमिनीकडे बघितलं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. शहापूरच्या क्लासात दोघांची ओळख झाली होती, त्यालाही दोन वर्षं होऊन गेली होती. स्थळ धर्मामामांनी सुचवलं असं सगळे म्हणत होते, पण मामांना ते सुचवायला सुयोगने सांगितलं होतं. आजचा बघण्याचा कार्यक्रम म्हणजे नुसता देखावा होता.

"आनि तू?" देवजींनी बायकोकडे बघितलं.

"मला गणपतीपासनं ठाव हाय," कमळ पदराशी चाळा करत म्हणाली.

अनंता माधुरीकडे वळला. माधुरी पोह्यांचं ताट दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "मला शिमग्याला कळला."

"पंकज?"

"त्याला पहिल्यापासनं."

"म्हनजे ठाव नव्हता तो मला एकट्याला."

"आनि मला," देवजी म्हणाले.

अनंताला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला राग येत नव्हता. पोरगा चांगला होता, घर चांगलं होतं, त्याच्या मनासारखंच सगळं होतं. फक्त त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "मला का नाय सांगितलास, पोरी?" तो एवढंच म्हणाला.

सोनालीचे डोळे भरले. "तुम्हीच म्हणायचात ना बाबा. कोणाच्या पोरीनं स्वतःहून लग्न ठरवलं की म्हणायचात, त्या घराची राखण कच्ची. मला भीती वाटली, लोक तुम्हाला तसं म्हणतील."

"आनि तुमी," कमळने नवऱ्याला सुनावलं, "आमच्या घरान्यात असली लग्ना होत नाय म्हनून पोराला कितीदा सांगितलात? तो काय बोलनार?"

 अनंताच्या डोळ्यांसमोर होता तो देखणा, भरदार, सैन्यातला कुत्रा. घराच्या राखणीला आणला आणि त्याने बंधाऱ्यावर दर रविवारी इमानदारीने राखण केली होती ती ह्या दोघांची.

"चला आता बाहेर," माधुरी म्हणाली. "पोहे गार झाले."

बायका बाहेर पडल्या. मामा बाहेर पडले आणि ह्या खेपेला खऱ्या निळ्या दाराकडे धावले. पारडूसुद्धा बाहेर आलं. अनंता हलला नाही. तो पेंढ्याच्या भाऱ्यावर बसला.

"तुमी व्हा पुढं," तो म्हणाला. "मी हितंच बरा हाय."

देवजींनी एकदा बाहेर बघितलं, एकदा अनंताकडे. मग पांढऱ्या विजारीचा विचार न करता तेही शेजारी बसले. "मी बी हितंच बसतो."

पंकज जिलेबी घेऊन आला तेव्हा ओटीवर पाहुणे पोहे खात होते, सुयोग आणि सोनाली एकमेकांपासून लांब, पण एकाच कुत्र्याला टेकून बसले होते, आणि बाप दोन्ही गायब होते.

"बाबा कुठं आहेत?"

"गोठ्यात," माधुरी म्हणाली. "रुसलेत. दोगं बी."

पंकजला सगळं सांगण्यात आलं. त्याला हसावं की पळावं कळेना. आधी सोनाली बोलवायला गेली. आतून "येतो" असा आवाज आला, आला कोणीच नाही. मग कमळ गेली. तिला दारातूनच देवजींनी हाताने परत पाठवलं. आत काहीतरी बोलणं चाललं होतं. आधी तुटक, मग सलग. मुऱ्हा म्हैस बरी की जाफराबादी, असा शब्द कानावर आला. मग आवाज एकदम खाली गेले. मग दोघे हसल्याचा आवाज आला, आणि बाहेर सगळे जरा घाबरलेच.

बऱ्याच वेळाने दोघे बाहेर आले. खांद्याला खांदा लावून, शर्टांना पेंढा चिकटलेला. ओटीवर येऊन बसले. अनंताने जिलेबीचा पुडा पुढे ओढला, एक देवजींना दिली, एक स्वतः घेतली.

"मुलगी पसंत हाय," देवजी म्हणाले.

"मुलगा पसंत हाय," अनंता म्हणाला. "लगीन पक्का. तारीख बी ठरवली."

माधुरीच्या हातातली पाण्याची कळशी तशीच राहिली. "तारीख? अशीच? कवाची?"

अनंताने देवजींकडे बघितलं. देवजींनी अनंताकडे बघितलं.

"ती आमाला दोघांना ठाव हाय," अनंता म्हणाला.

"म्हणजे काय बाबा?" सोनाली उठूनच उभी राहिली. "कधी आहे लग्न?"

"कळंल," अनंता शांतपणे म्हणाला. "येळ आली का तुमाला बी कळंल."

"अहो पण हॉल बघायचा, सुट्टी काढायची..." सुयोगचा आवाज चिरकला. कमळने धर्मामामांकडे बघितलं. मामांनी पंकजकडे बघितलं. पंकजने दोन्ही हात वर केले. पहिल्यांदाच त्या ओटीवर असं काहीतरी होतं जे ह्या दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, आणि सगळ्यांची तोंडं उघडी पडली होती.

"देवजीशेट," अनंता म्हणाला, "आनखी एक जिलेबी घेता का?"

"द्या," देवजी म्हणाले, "गोड हाय."